इंग्रजी सगळ्यांना पाहिजे, इंग्रजीचा मास्तर मात्र वाऱ्यावर

मा. संपादक,

पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं, तेव्हापासून आमच्याकडं वाडी-तांड्यावरचा पालक पण 'लेकराला इंग्लिश आलं पाहिजे' म्हणतो, बरोबरच आहे त्याचं. पण ते शिकवणाऱ्याचं काय चाललंय हे कोणी विचारत नाही म्हणून लिहितोय.

स्पष्टच बोलतो, बीड-लातूरकडं इंग्रजीत एमए झालेल्या पोराचं पुढं काय होणार हे त्याच्या इंग्रजीपेक्षा घरी बागायत किती आहे यावर ठरतं. घरचं बरं असलं तर तो सेट-नेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) करत तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याच मानधनावर, वर्षानुवर्षं कळ काढू शकतो आणि संस्थेत जागा निघाली की 'व्यवहार' पण जमवतो (हे छापायचं का नाही ते तुम्ही बघा). ज्याचे आईबाप ऊसतोडीला जातात तो किती दिवस थांबणार?

माझ्या ओळखीचे एक सर सकाळी बारावीला पॅसिव्ह व्हॉइस शिकवतात आणि दुपारी कृषी सेवा केंद्रात खताच्या बॅगा मोजून देतात, कारण मानधन कधी येईल नेम नाही, उन्हाळ्यात तास बंद की पैसे बंद. स्थळ बघायला गेले की पहिला प्रश्न, पर्मनंट आहात का. मॅडम लोकांचं तर विचारूच नका, खासगी इंग्लिश मीडियमला मिळेल त्या पगारावर राबायचं आणि लग्न होऊन गाव बदललं की नव्या शाळेत परत पहिल्यापासून.

त्यात आमच्या भागात मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचं वारं. 720 मार्क फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे, इंग्रजीला शून्य. मग क्लासवाल्या फिजिक्सच्या सरांचे चौकाचौकात फ्लेक्स, आणि इंग्रजीच्या तासाला वर्गात चार पोरं, बोर्डाला पास झालं की बास!

शिक्षण सेवक म्हणून लागला तरी आधी तीन वर्षं मानधनावरच, ते 1 जानेवारी 2023 पासून प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिकला महिना 16, 18 आणि 20 हजार झालं, त्याआधी 6, 8, 9 हजार होतं म्हणजे बघा. त्यासाठी पण 'टेट' ही शिक्षक भरतीची परीक्षा द्या, शासनाच्या भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव यायची वाट बघा, तोवर घर कोण चालवणार?

शासनानं तासिकावाल्यांचं मानधन निदान दर महिन्याला खात्यावर टाकावं आणि इंग्रजीच्या रिकाम्या जागा भराव्यात, एवढं तरी तुमच्या पेपरनं लावून धरावं.

आपला,
एक तासिकावाला, अंबाजोगाई