उतारावरचा मकाही एकदा मोजा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

धडगावच्या डोंगरात आमची अडीच एकर कोरडवाहू जमीन. एकरभर नाल्याकाठी, बाकी मुरमाड उतार. खाली संकरित मका, वर घरचा पांढरा गावठी.

नाल्याकाठी ओल आणि खत मिळालं की संकरितच्या जवळपासही गावठी जात नाही, खोटं कशाला बोलू! पण उतारावर तोच संकरित मका दोनदा पेरून पाहिला. सगळ्या शेताला एकदमच तुरा आला आणि नेमकी ऑगस्टात पावसाने दडी मारली. पराग झडून गेला, कणसाच्या मिशा मागाहून निघाल्या. सोलून पाहावं तर कणीस बोडखं, बुडाशी चार दाणे. घरच्या मक्यात एक ताट आज तुरा काढतं, दुसरं आठवड्याने. काही मार खातात, काही तरतात. निदान भाकरीपुरतं पिकतं. सालं टोकापर्यंत घट्ट असतात, त्यामुळे चुलीवर धुरात टांगलेल्या बियाला सोंडे, म्हणजे दाणे पोखरणारे किडे, लागत नाहीत. त्याचेही दोष आहेतच. ताटं उंच, वाऱ्यात लोळतात. आणि 2018 साली देशात आलेली लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीत, शिरताना गावठी-संकरित बघत नाही.

संकरितचं बी राखून पेरलं तर एक ताट कमरेएवढं, दुसरं डोक्यावर. म्हणून दरवर्षी पिशवी विकत, आणि दुबार पेरणी आली की पुन्हा उसनवारी. मांजरी, पंचगंगा असे संमिश्र वाण आहेत, त्यांचं बी दोन-तीन वर्षं घरचंच चालतं. आमच्या बाजारात ते मागून मिळत नाही. मिळेल कसं? जो शेतकरी पुढच्या वर्षी येणार नाही, त्याच्यासाठी दुकानदार माल का भरेल? बी राखायचा हक्क 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलाय. राखण्याजोगं बी मात्र गावात पोचत नाही.

मी पाहिलेलं मक्याचं प्रात्यक्षिक डांबरी रस्त्यालगत, ठिबकवर होतं. शेजारी गावठीची एक ओळही नव्हती. मग तुलना कशाशी केली?

एवढंच मागतो: उतारावर, निव्वळ पावसाच्या भरवशावर, संकरित, संमिश्र आणि गावठी असे तिन्ही मके शेजारी शेजारी पेरा आणि तीन खरीप मोजा. दाण्याबरोबर चारा मोजा, बियाण्याचा खर्च मोजा, दुबार पेरणीही मोजा. माझा वरचा तुकडा द्यायला तयार आहे. फक्त मे संपायच्या आत कळवा. एकदा पाऊस पडला की औत थांबवता येत नाही.

आपला,
धडगाव तालुक्यातील एक शेतकरी