बसस्थानकाची एक भिंत द्या

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दसरा झाला की वर्गातल्या कितीतरी पोरांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. कारखान्याच्या तळावरची त्यांची कोपी, म्हणजे झोपडी. अवकाळी पाऊस आला म्हणून वर टाकलेला जुना फ्लेक्स, त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा चेहरा, उलटा. खाली दारात तिची आई चूल फुंकतेय. आईचा चेहरा अंधारात आहे, उजेड पडलाय तो हातांवर, आणि पाचटानं कापलेली रेघ न् रेघ दिसतेय. त्या पोरीला फोटो कसा काढावा हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी तिला जेआर या फ्रेंच कलावंताचं काम दाखवलं. २००९ मध्ये त्यानं नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या बायकांचे चेहरे, त्यांचे डोळे, फ्लेक्ससारख्याच पाणी न झिरपणाऱ्या कापडावर छापले आणि तिथल्याच घरांच्या पत्र्यांवर अंथरले. सुमारे २,००० चौरस मीटर छप्पर. घरावर पावसाला आडोसा झाला आणि त्यावर वस्तीतलीच बाई दिसू लागली. पोरगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मंजी फ्लेक्सवर आपली माय बी चालती का, सर?"

साहेब, या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहितोय.

पोर्तुगालचा कलावंत व्हिल्स भिंतीला रंग लावत नाही. छिन्नीनं, ड्रिलनं गिलावा खरवडून त्यातून माणसाचा चेहरा काढतो. नको तेवढं काढून टाकलं की मूर्ती उरते, हे वेरूळच्या मुलखातल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. छायाचित्रकार गौरी गिल यांनी पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या मुखवटे घडवणाऱ्या कारागिरांना सोबत घेऊन फोटो केले. कारागीर मुखवटे करतात, गावातलीच माणसं ते घालून रोजची कामं करताना कॅमेऱ्यासमोर येतात. छायाचित्रकार दयानिता सिंह आपले फोटो घडीच्या लाकडी चौकटींत मांडतात, म्हणजे संग्रहालयच उचलून नेता येतं. एसटीच्या टपावरसुद्धा जाईल! हे सगळं मी प्रोजेक्टरवर दाखवतो, पण भिंतीएवढं चित्र भिंतीसमोर उभं राहूनच कळतं.

आणि भिंत आम्हाला नवी नाही. माती, भाताचा तूस, वर चुन्याचा हात, त्यावर अजिंठा रंगला. इंग्रज सैन्यातला चित्रकार मेजर रॉबर्ट गिल यानं तिथं वर्षानुवर्षं राहून केलेल्या त्या चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानं कॅमेऱ्यानं टिपलेली लेणी मात्र मागं राहिली. भिंत आणि कॅमेरा यांची गाठ आमच्याकडं तेव्हाच पडली होती.

माझी मागणी अशी: एसटी महामंडळाशी बोलून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत बसस्थानकाची एकेक भिंत राखून ठेवा. तिथं असा एखादा कलावंत महिनाभर राहू द्या. सोबत छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयाची मुलं द्या आणि तालुक्याचा पेंटरही द्या. फ्लेक्स आल्यापासून त्या पेंटरच्या हातात गाड्यांचे नंबर आणि सरकारी घोषवाक्यं एवढंच उरलंय, पण त्याच्यासारखी सरळ रेघ माझ्याच्यानं आजही ओढवत नाही.

परवानगी मात्र लेखी हवी. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण कायद्याची भीती पोरांना वाटते आणि ती खोटी नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी तोंडी होकारावर एक सरकारी भिंत आठ दिवस खपून रंगवली. पंधरवड्यात त्यावर जाहिरात आली. पोरं त्या रस्त्यानं जायची बंद झाली. दिल्लीत लोधी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टर्सच्या भिंती देशोदेशीच्या चित्रकारांनी रीतसर परवानगीनं रंगवल्या. आमच्याकडंही तसं होऊ शकतं.

आमच्या बसस्थानकाची पूर्वेची भिंत मी पावलांनी मोजली, चाळीस पावलं भरली. गिलावा धड आहे, सकाळचं ऊन थेट पडतं. ती मुलगी यंदा दहावीला आहे. तळावर जायच्या गाड्या दसऱ्यानंतर भरतील, त्याआधी उत्तर यावं ही विनंती.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, जि. बीड