मंदी आधी ओव्हरटाइम आणि तिसऱ्या पाळीत दिसते

महोदय,

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये पुन्हा भरती सुरू झाली की मंदी सरली, असे लगेच मानले जाते. ते घाईचे आहे. ऑर्डर घटली की आधी दुप्पट दराचा ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी. त्यानंतर ट्रेनी आणि ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलांना घरी बसवतात. कायम कामगारांपर्यंत झळ सर्वांत शेवटी पोहोचते: आधी ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद, मग स्वेच्छानिवृत्ती. तेजी आली की ओव्हरटाइम सुरू होतो, ठेक्यावर माणसे येतात आणि गाडी बहुतेकदा तिथेच थांबते. मंदीत गेलेली कायम जागा ठेक्यावर भरली जाते, म्हणून गेटवर गर्दी दिसूनही सिडकोतल्या कामगाराच्या घरात पगार पूर्वीइतका येत नाही.

ले-ऑफमध्ये, म्हणजे काम नसल्याने कामगाराला तात्पुरते बसवले तर, मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 50 टक्के भरपाईची तरतूद आहे. पण त्यासाठी हजेरीपटावर नाव आणि बारा महिन्यांत 240 दिवस भरलेले लागतात. सातव्या महिन्यात ब्रेक देऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे दाखवलेल्या मुलाचे हे दिवस भरणार कसे? ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, तोच नियमाबाहेर राहतो.

काम सुटलेला निफाड-दिंडोरीचा मुलगा द्राक्षबागेत जातो खरा, पण तिथला हंगाम कारखान्याच्या सोयीने येत नाही. 2019 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाहन कंपन्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले, तेव्हा द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला अवकाश होता. छाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), विरळणी ही कामे त्यानंतरची. शिवाय पेठ-सुरगाण्याचे मजूर तिथे आधीपासून असतातच. हात वाढले की रोजंदारी वाढत नाही.

आणखी एक फरक लक्षात घ्यावा. स्विचगिअरचे (वीजपुरवठा चालू-बंद करणाऱ्या उपकरणांचे) काम वाहनांच्या मंदीत तितकेसे बसत नाही. सुट्या भागांचे जॉबवर्क मात्र लगेच बसते आणि संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचा कर्जहप्ता चालूच राहतो. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टर आणि नोझलच्या कामावर हात बसलेल्यांची गोष्ट तर त्याहून अवघड, कारण विजेवरच्या गाडीत हे भागच नसतात. विक्री वाढली तरी तेवढे काम परत येणार नाही.

कामगार उपायुक्त कार्यालयाने दर तिमाहीला वसाहतनिहाय ठेका कामगारांची संख्या आणि चालू पाळ्या जाहीर कराव्यात. सातपूरच्या शासकीय आयटीआयने नोझल ग्राइंडिंगवरच्या कामगारांसाठी मोटर वाइंडिंग आणि कंट्रोल पॅनेल वायरिंगचे संध्याकाळचे वर्ग घ्यावेत. हे वर्ग काम सुटण्याआधी हवेत. नंतर कामगाराकडे फीही नसते आणि थांबायला वेळही नसतो.

– एक वाचक, सिडको, नाशिक