तीन वाजताचा दिवा

प्रिय आशिष,

प्रभूमध्ये सलाम.

रविवारी दारात झालं ते झालं. त्यानंतर चार वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. फोनवर मी चढतो, म्हणून लिहितोय. "विश्वासाने नोकरी टिकत नसते, बाबा," असं तू म्हणालास आणि मी ओरडलो. तुझं चूक नव्हतं. माझी कुठे टिकली?

सूनबाई आईला म्हणाली की तुझ्या खोलीतला दिवा पहाटे तीनपर्यंत जळतो. तिच्यावर चिडू नकोस. झोप लागते का रे तुला?

जे काम तू इतकी वर्षं केलंस ते आता मशीन लिहून देतं, एवढंच मला कळलं. त्यातलं मला समजत नाही, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यातलं समजतं. डाव्या हातात जुळणीची स्टिक धरायची, उजव्या हाताने खणांच्या केसमधला खिळा न बघता उचलायचा. उलटी अक्षरं मी सुलट्यापेक्षा भरभर वाचायचो, त्याचा गर्वही होता. मग कॉम्प्युटर आले आणि सगळे खिळे किलोवर वितळवायला गेले. पोती टेम्पोत चढवायला मीच हात लावला. आईला तीन महिने पत्ता लागू दिला नाही. मंडळीत मात्र पहिल्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्याने गायचो. पाळकसाहेबांनी विचारलं की "प्रभूची कृपा!" म्हणायचो. कृपा कसली, ताठा होता तो. विनयकाकाचं त्याच वर्षी झालं. तो विषय नको.

तू बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं बघ. नगराला वेढा पडलेला, हा स्वतः कैदेत, आणि अनाथोथ गावचं शेत विकत घेतो. 17 शेकेल रुपं ताजव्यात तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. विश्वास असा रोकडा असतो, हात जोडून बसणं नव्हे. तेव्हा ते नवं काय असेल ते शिकायला बस, लाज धरू नकोस, तुझ्यापेक्षा लहान पोरगा शिकवणारा असला तरी...

बघ, झालं सुरू. आई म्हणते ह्यांच्या हातात पेन दिलं की हे पुलपिटावर चढतात. माफ कर. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, हे तुला कधी तोंडावर म्हटलं नाही.

लहानपणी मी तुला योसेफ सुताराचं उदाहरण द्यायचो. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्द नाही, स्वप्न पडलं की उठायचं आणि बायकोमुलाला घेऊन निघायचं. पुरुषाने असं असावं, असं मी शिकवलं. अर्धंच शिकवलं. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशू आपल्या शिष्यांना, पेत्राला आणि जब्दीच्या दोघा मुलांना, म्हणाला, माझा जीव अति खिन्न झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. त्याने सोबत मागितली. आपण घरातले पुरुष कधी मागत नाही. मी मागितली नाही, विनयने मागितली नाही.

ते तिघं झोपले, हेही खरं. मी झोपत नाही, वयच तसं झालंय. तीन वाजता फोन केलास तर पहिल्या रिंगला उचलेन. काही बोलायला पाहिजे असं नाही.

झोपतोस ना?

तुझा,
बाबा

ता. क. माझी जुनी स्टिक तू निघालास तेव्हा तुझ्या बॅगेत सरकवली होती. खालच्या कप्प्यात बघ. आईला सांगू नकोस, ती माळ्यावर शोधतेय.