तोटी कुणाच्या हातात, यापेक्षा कलम कुणी लिहिले?

प्रति,
मा. साद शेरिदा अल-काबी,
ऊर्जा व्यवहार राज्यमंत्री, कतार

सनविवि.

वायू निर्यातदार देशांच्या मंचाचे मुख्यालय आपल्या दोह्यात आहे. आपण मंत्री आहात आणि कतारएनर्जी या सरकारी वायू कंपनीचे प्रमुखही आपणच. धोरण ठरवणारा, करारावर सही करणारा आणि इतर निर्यातदारांचा यजमान, असे तिघे एकाच खुर्चीत बसलेले क्वचित सापडतात. म्हणून हे पत्र मॉस्कोला किंवा अल्जिअर्सला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. मी ना व्यापारी, ना मुत्सद्दी. गॅस विकत घेणाऱ्या जगातला एक माणूस, एवढीच माझी ओळख.

तुमच्या मंचाकडे जग पंचवीसेक वर्षे एकाच संशयाने पाहत आले आहे: हा गॅसचा ओपेक, म्हणजे उत्पादन कमी-जास्त करून भाव राखणाऱ्या तेल निर्यातदारांच्या संघटनेसारखा गट, तर नाही? 2001 मध्ये तेहरानला पहिली बैठक झाली तेव्हा तो नुसता गप्पांचा अड्डा वाटला. जानेवारी 2007 मध्ये इराणचे सर्वोच्च नेते खामेनी यांनी रशियाच्या पाहुण्यांसमोर गॅसच्या ओपेकची कल्पना बोलून दाखवली आणि युरोपची झोप उडाली. 23 डिसेंबर 2008 रोजी मॉस्कोत मंचाची घटना मंजूर झाली. स्वस्त गॅसचे दिवस संपत आल्याचे पुतिन यांनी त्याच बैठकीत सांगितले, आणि दोन आठवडे होतात न होतात तोच युक्रेनमार्गे युरोपला जाणारा रशियन गॅस बंद पडला. भर हिवाळ्यात. संशय पक्का व्हायला आणखी काय हवे होते?

पण मंचाची खरी कुवत कळली ती एप्रिल 2010 मध्ये अल्जीरियातल्या ओरानला. हजर बाजारात, म्हणजे दीर्घ करारांबाहेरच्या तत्काळ खरेदी-विक्रीत, भाव कोसळले होते. अल्जीरियाचे मंत्री शकीब खलील यांनी सरळ सुचवले, सगळ्यांनी मिळून पुरवठा कमी करू. कुणी तयार झाले नाही. गॅसचा भाव तेलाच्या भावाशी बांधलेलाच राहावा, एवढ्यावर एकमत करून मंडळी घरी गेली. त्या बैठकीचे हे शेपूट लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

तेलासारखी कपात गॅसमध्ये जमत नाही, हे मला मान्य आहे. नळातून जाणारा गॅस ज्या दारात नळ जातो तिथेच पोहोचणार. जहाजातून न्यायचा तर तो उणे 162 अंशांपर्यंत थंड करायचा, म्हणजे त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. त्यासाठी अब्जावधी डॉलर ओतून उभारलेला प्रकल्प भावासाठी बंद ठेवणे कुणालाच परवडत नाही. शिवाय वीस-वीस वर्षांचे करार आधीच झालेले असतात, कपात करायची ती कशातून? आणि अमेरिका व ऑस्ट्रेलिया हे दोन मोठे विक्रेते तुमच्या मंचात नाहीतच. 2016 पर्यंत टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावरून एलएनजीचे, म्हणजे अशा द्रवरूप गॅसचे, जहाज निघत नव्हते आणि 2023 मध्ये अमेरिकेने तुम्हाला मागे टाकले.

घरातली परिस्थितीही काही वेगळी नाही. जून 2017 मध्ये अमिराती आणि इजिप्त या मंचातल्याच दोन भावांनी सौदी आणि बहरीनसोबत तुमची नाकेबंदी केली. तुम्ही मात्र अमिरातीला जाणारी डॉल्फिन ही वायुवाहिनी बंद केली नाहीत. मनात आणले असते तर करू शकला असतात. (या एका गोष्टीसाठी मी कतारला मनापासून मानतो.) इजिप्तची तर तऱ्हाच न्यारी. निर्यातदारांच्या मंचाचा सदस्य, आणि 2024 पासून स्वतःच पुन्हा एलएनजी विकत घेतो आहे. या पंगतीत बसून कुणी कट शिजवत असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

‘आम्ही कार्टेल नाही’, संगनमताने भाव ठरवणारी टोळी नाही, असे तुम्ही दर परिषदेत सांगता. कबूल. पण त्यामुळे तुमचा बाजारावर प्रभाव नाही असे होत नाही. तोटीवर नसलेला तुमचा हात करारातल्या कलमांवर आहे, आणि मेख तिथेच आहे.

पाकिस्तानचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2016 मध्ये तुमच्याशी त्यांचा पंधरा वर्षांचा करार झाला. भाव काय? ब्रेंट, म्हणजे जगात मानक धरल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाच्या भावाच्या 13.37 टक्के. तेल शंभर डॉलर असेल तर दहा लाख बीटीयू (उष्णता मोजायचे एकक) गॅसला 13 डॉलर 37 सेंट. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच दोन देशांत दुसरा करार झाला तो 10.2 टक्क्यांनी. विकणारा तोच, घेणारा तोच, गॅसही तुमच्या रास लफान बंदराचाच. मधल्या काळात बाजार मऊ झाला, एवढाच फरक. दर त्या त्या दिवशीच्या गरजेवर ठरला, ठीक आहे, व्यापार असाच चालतो. पण तेलाशी बांधलेली दोरी दोन्ही वेळा तीच होती, ओरानला जी सगळ्यांनी मिळून धरून ठेवली होती. तेलाचा भाव युद्धाने चढो की उत्पादनकपातीने, भुर्दंड गॅस जाळणाऱ्याला.

दुसरे कलम याहून जाचक आहे: माल कुठल्या बंदरात उतरायचा, ते करारातच लिहिलेले असते. घेणाऱ्याला तो वाटेत दुसऱ्याला विकता येत नाही. याचा जाच कळतो तो भाव हेलकावतात तेव्हा. 2020 च्या वसंतात आशियातला हजर भाव दोन डॉलरच्या आसपास घुटमळत होता, 2022 मध्ये तोच सत्तरच्या वर गेला. त्या वर्षी युरोप पैसे मोजून जहाजे ओढून नेत होता. जुलैमध्ये पाकिस्तानने दहा जहाजांची निविदा काढली, एकही बोली आली नाही. बांगलादेशाने हजर बाजारातली खरेदीच थांबवली. दोन्हीकडे तासन्‌तास वीज नव्हती. तुम्ही मात्र दीर्घ करारातला माल पोहोचवत राहिलात, हेही नोंदवले पाहिजे. इतर काही पुरवठादारांना करार मोडून दंड भरणे स्वस्त पडले, कारण दंडाचे कलमही विकणाऱ्यानेच लिहिलेले.

आणि नंतर उलटा प्रकार. मागणी घटल्यावर त्याच पाकिस्तानला गॅस जड झाला. ठरलेली जहाजे पुढच्या वर्षावर ढकला, अशी विनंती त्याला तुम्हालाच करावी लागली. करार सांगतो: उचला नाहीतर पैसे भरा, आणि दुसऱ्याला विकू मात्र नका. अडचणीच्या वर्षी पुरेसा गॅस नाही, भरपुराईच्या वर्षी तो उतरवण्याची सक्ती.

ज्यांच्या हाती कायद्याचा दांडा आहे त्यांनी हे कलम केव्हाच वाकवले. जपानच्या स्पर्धा आयोगाने 2017 मध्ये अशा अटींवर बोट ठेवले. युरोपीय आयोगाने 2018 मध्ये गाझप्रोम या रशियन कंपनीला तसली बंधने सोडायला लावली आणि त्याच वर्षी तुमच्या कंपनीच्या करारांचीही चौकशी सुरू केली. ती मार्च 2022 मध्ये बंद झाली, जेव्हा युरोपला तुमच्या गॅसची सर्वाधिक निकड होती. योगायोग असेल. ढाका किंवा कराचीकडे एवढा वजनदार आयोग नाही.

मला स्वस्त गॅस नको आहे. दीर्घ करार असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही आणि प्रकल्प उभा राहत नाही, हे समजते. सिनोपेक या चिनी कंपनीशी तुम्ही 27 वर्षांचा करार केलात तो दोघांच्या सोयीचा असेल. माझे मागणे इतकेच: पुनर्विक्रीची मुभा द्या, हवे तर नफ्यात वाटा घ्या, पण तो वाटा आधी लिहून ठेवा. दंडही दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. तुमचा मंच 2050 पर्यंतचे अंदाज छापतो, अल्जिअर्समध्ये संशोधन संस्था चालवतो. एक आदर्श करारनामा तयार करायला त्याला कुणी अडवलेले नाही. पुरवठा एकत्र रोखणे जमले नाही, ठीक. न्याय्य अटी एकत्र मांडणे त्याहून खूप सोपे आहे.

आणि हे आता केलेले बरे. तुम्ही वार्षिक क्षमता 77 दशलक्ष टनांवरून 142 वर नेण्याचे जाहीर केले आहे, अमेरिकेचे नवे प्रकल्प येत आहेत. अमेरिकी माल कुठेही वळवता येतो. गॅस मुबलक झाला की घेणारे तुमच्या कलमावर बोट ठेवून उठून जातील. तेव्हा सोडलेल्या अटीचे श्रेय कुणी देणार नाही.

पाकिस्तानचा 2016 चा करार 2031 मध्ये संपेल. त्याचा किंवा दुसऱ्या कुणाचा नवा मसुदा आपल्या टेबलावर येईल तेव्हा बंदराचे नाव ज्या ओळीत आहे, ती ओळ आधी वाचावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

कळावे,
एक ग्राहक