बाई, तुमच्या वह्यांबद्दल थँक्यू म्हणायचं राहून गेलंय

बाई, नमस्कार. समोर आले की तुम्ही आधी चहा करता, मग सगळ्यांची चौकशी करता आणि माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय, भाची तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेलच.

लग्न होऊन मी बेळगावहून पर्वरीला आले तेव्हा गोवा म्हणजे मला पाहुण्यासारखाच माहीत होता. पावसाळ्याआधी सगळ्यांची पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, गडबड सुरू झाली, सुके बांगडे, सुकी सुंगटं, सोलं, मिरच्या, आणि मी नुसती बघत उभी. तेव्हा तुम्ही माळ्यावरची ती पेटी उघडून दिलीत. "वाच, फक्त शाईचे डाग मोजू नकोस," म्हणालात. शाळेत शिकवायला लागल्यापासून रोज लिहिलेल्या वह्या! एवढं आपलं कोणी परक्या सुनेच्या हातात देतं का हो?

चेपणीच्या, म्हणजे मिठात मुरवलेल्या, आंब्याचं प्रमाण मला कुठेही मिळालं असतं, पण एका वर्षी आंबे का नासले, पुढच्या वर्षी तुम्ही काय बदललंत, त्याच्या पुढच्या वर्षी तरी जमलं का, हे कोण लिहून ठेवतं? "पडलेले आंबे घेतले, लोभ नडला" असं लिहून खाली रेघ मारलीय, ती रेघ मी विसरणार नाही. आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद म्हणजे दोन महिने ताजी मासळी नाही असं मी धरून चालले होते, तर तुमच्या जुलैच्या पानांवर शेवटे मासे काय, तिसऱ्या-खुब्यांसारखे शिंपले काय, सगळं नदीतलं आणि भावासकट! भाव वाचून रडू येतं ते वेगळं.

पण मी सगळ्यात जास्त वेळा वाचलंय ते १९८६ चं. ५ जुलैला मांडवीचा पूल कोसळला, एवढं मला माहीत होतं. पण त्यानंतर पणजीला शाळेत जायचं कसं, बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी भर पावसात उभं कसं राहायचं, मासळीवाल्या टोपल्या घेऊन चढल्या की कोण कुरकुरायचं आणि कोण सरकून जागा द्यायचं, ओली साडी नेसून पहिला तास कसा घ्यायचा, हे तुमच्याकडेच आहे. १९९२ ला नवा पूल झाला त्या दिवशी तुम्ही काय लिहिलंय? "आता झोप पुरेल." बस्स. मी एकटीच हसत बसले. मांडवीवरच्या अटल सेतूवरून जाताना ट्रॅफिकवर चिडणारी मी, हल्ली जरा गप्प असते (नेहमी नाही, खोटं कशाला बोलू).

आणि तो जनमत कौल. १६ जानेवारी १९६७, एकीकडे फूल, एकीकडे दोन पानं, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं. तुमच्या घरात मात्र बाबा एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला, "मतं दोन, आमटी एकच", आणि निकालानंतर दोघं चार दिवस बोलत नव्हते, ताट वाढायला तुम्ही मध्ये. तुम्ही स्वतः कुठे शिक्का मारलात ते कुठ्ठेच लिहिलं नाहीत, मी पुढची कित्येक पानं शोधत होते! मराठी शाळेतल्या बाई म्हणून मी मनात एक उत्तर धरलंय, पण आता वाटतं ते चुकीचंही असेल.

शेजाऱ्यांची भांडणंही मी चवीने वाचली, सॉरी. त्यातली निम्मी माणसं आजही भेटतात, त्यांना बघून चेहरा सरळ ठेवणं फार कठीण जातं.

मीही आता लिहायला लागलेय, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. पाऊस, भाव, पोराचा ताप, काय बिघडलं ते. तुमच्यासारखं दोन शब्दांत संपवता येत नाही मला, पाल्हाळ फार होतो.

वह्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, वाळवीसाठी मध्ये कडुलिंबाचा पाला ठेवून रविवारी परत आणतेय. एक विचारायचं होतं, १९८७ ची वही पेटीत नाही. ३० मेला गोवा राज्य झालं ते वर्ष, तेच नेमकं गायब. भावाकडे राहिलीय का बघा ना, मी स्वतः जाऊन घेऊन येते. आणि आमटीत घालायला चेपणीचे दोन आंबे आणतेय, या वर्षी जमलेत.

तुमची,
पलीकडच्या घरातली बेळगावकरीण