पट्टीची वाट पाहू नकोस

देवगड,
६ जानेवारी

चि. बायस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तीन वर्षं ब्लॉग लिहितेय. डिसेंबरात जाहिरातींचे कसेबसे तेरा हजार आले, जानेवारीत त्याचे निम्मे होतील. बंदच करते आता." तेव्हा मी बागेत होतो, फवारणीचं औषध कालवून ठेवलेलं, गडी खोळंबलेले, म्हणून नुसतं "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री मात्र झोप आली नाही. नोकरी सांभाळून, रात्री जागून तू कोकणाबद्दल जे लिहिलंस ते मी एकूणएक वाचलंय. आजीच्या शिरवाळ्यांवरचा लेख तर पाच वेळा. तो ब्लॉग बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं, आणि तू फुकट राबावंस असंही वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या घरात पट्टी, म्हणजे मुंबईच्या दलालाकडून येणारा विक्रीच्या हिशेबाचा कागद, हा शब्द तू पाळण्यात असल्यापासून ऐकलायस. लहानपणी पट्ट्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला तू होड्यांची चित्रं काढायचीस. पुढच्या बाजूला काय असायचं? इतक्या पेट्या, इतका भाव, वजा गाडीभाडं, वजा हमाली, आणि खाली उरलेली रक्कम. भाव का पडला ते कुठेच लिहिलेलं नसे. एका वर्षी ४० पेट्यांतल्या ११ पेट्या डागी म्हणून दाखवल्या गेल्या. त्या इथे मी स्वतः झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, उतरवून, एक एक फळ हातात घेऊन भरल्या होत्या. पण मी देवगडात आणि माल मुंबईत. मी काय बघणार आणि कोणाशी भांडणार?

तुझे जाहिरातींचे पैसे ही तशीच पट्टी आहे. गणपतीत माटवीखाली बसून तू मला समजावलंस ते मी वहीत लिहून ठेवलंय. गूगलच्या जाहिरातींच्या योजनेत, म्हणजे अ‍ॅडसेन्समध्ये जाहिरातदाराने मोजलेल्या १०० रुपयांतले साधारण ६८ आपल्याला, १०० डॉलर साठल्याशिवाय खात्यात जमा नाही, आणि २०२४ पासून क्लिकवर नव्हे तर जाहिरात किती वेळा दिसली त्यावर हिशेब. दर ठरतो जाहिरातदारांच्या बोलीवर. दिवाळी ते नाताळ बोली चढते आणि जानेवारी लागला की उतरते. आपल्या आंब्याचंही तेच, हंगामाच्या पहिल्या पेटीला सोन्याचा भाव आणि मेअखेर कॅनिंगवाल्याला किलोवर. यात तुझं लिखाण कुठे कमी पडलं? मराठी वाचकाला दिसणाऱ्या जाहिरातीचा दर अमेरिकेतल्या वाचकाच्या मानाने फार कमी, हेही तूच सांगितलंस. मग नुसते वाचक वाढवायच्या मागे धावून तुझी दमछाक होईल, हातात फारसं पडणार नाही.

दहा डॉलर झाले तेव्हा पत्त्याच्या खात्रीसाठी गूगलचं पिनचं पत्र इथल्या पत्त्यावर आलं होतं, आठवतं? पोस्टमनने ते घरात आणून दिलं आणि आईने आधी देवापुढे ठेवलं. त्या आनंदात मी आणि वाडीतल्या चार जणांनी रोज तुझ्या पानावरच्या जाहिरातींवर बोट दाबायला सुरुवात केली, तुला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून. ते सगळे क्लिक खोटे धरले गेले आणि तुझी त्या महिन्याची रक्कम कापली गेली. चूक सर्वस्वी माझी होती. खातं कायमचं बंद झालं असतं, हे मला नंतर कळलं. वाडीत आता सर्वांना सांगून ठेवलंय, तूही तिकडे मैत्रिणींना सांग.

मी पट्टीतून अर्धा तरी कसा सुटलो ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. २०२० च्या टाळेबंदीत माल झाडावर तयार आणि गाड्या अडलेल्या. तेव्हा तू पुण्यातल्या तुमच्या सोसायटीत ३० पेट्या खपवल्यास आणि घेणाऱ्यांची नावं एका वहीत लिहून आणलीस. त्या वहीत आज २१२ नावं आहेत. कोणाला किती डझन, कोणाला चौदा आणे तयार झालेला हवा, कोणाला घरी पोचताच खाता येईल असा, कोणाच्या घरी मधुमेह आहे म्हणून दोनच डझन. निम्मा माल मी अजूनही मार्केटला घालतो, कारण एप्रिलअखेरीस एकदम उतरणारा आंबा दारातून खपत नाही. जाहिरातीही तशाच राहू देत, काढून टाकू नकोस. फक्त दर पानावर सहा-सहा नकोत. मी विजयदुर्गाच्या धक्क्यावर तुझा लेख उघडतो तेव्हा रेंजची एकच काडी असते. आधी जाहिराती उतरतात, मग तुझे मोठाले फोटो, आणि अक्षरं सगळ्यांत शेवटी. तोवर दुसरा माणूस निघून गेलेला असतो. फोटो लहान कर.

तुझ्या ब्लॉगला वही नाही, मला वाटतं मुख्य अडचण ती आहे. गूगलवरून माणूस येतो, सोलकढीची कृती वाचतो, निघून जातो. तो कोण, कुठला, तुला पत्ता नाही. उद्या गूगलने क्रम बदलला की तू रस्त्यावर. प्रत्येक लेखाखाली ई-मेल मागायची एक ओळ ठेव, आणि बदल्यात काहीतरी कामाचं दे. अस्सल देवगड हापूस कसा ओळखावा, हे एका पानात लिहिलंस तरी लोक पत्ता देतील. वर्षाला हजार नावं जमली तरी ती तुझी स्वतःची असतील.

आता विकायचं काय. तू म्हणशील माझ्याकडे विकायला काही नाही. तुझे जुने लेख काढून बघ. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक काय शब्द टाकून येतात ते फुकट दिसतं, तूच मला दाखवलं होतंस. मार्च ते मे तुझ्या आढीवरच्या, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालण्यावरच्या, लेखावर सगळ्यांत जास्त माणसं येतात. तो लेख चांगलाच आहे. पेंढ्यात हात घातला की ऊब लागते, आणि ज्या दिवशी खोलीचं दार उघडताच वास अंगावर येतो त्या दिवशी आढी उलगडायची, हे तू इतकं नेमकं लिहिलंयस की मला आमची जुनी पडवी दिसली. पण तो वाचणारा माणूस कोण आहे याचा विचार कर. त्याच्या घरात आंब्याची पेटी आलेली आहे किंवा यायची आहे. आणि लेखाच्या खाली तू काय ठेवलंयस? गाड्यांच्या विम्याची जाहिरात. तिथे आपल्या बागेची पेटी हवी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून माझी नोंद आहे. तो क्रमांक लेखात छाप. देवगडच्या नावाखाली कुठला कुठला आंबा विकला जातो हे गिऱ्हाईक आता जाणतं, त्याला खात्री हवी असते आणि तो तिचे पैसे देतो.

हीच नजर बाकीच्या लेखांवर फिरव. सोलकढीच्या लेखाखाली आईचा आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, आणि आमसुलं. अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी आईच्या नावावर आहे, तो क्रमांक लेबलवर असल्याशिवाय एकही बाटली बाहेर पाठवायची नाही. आंबोळीच्या लेखाखाली बिडाचा तवा. तवा आपण बनवत नाही, तेव्हा तिथे अ‍ॅमेझॉनची दुव्यावरची दलाली घे, पण जो तवा तू स्वतः वापरून, तेल पाजून, सहा महिने चालवलायस त्याचाच दुवा दे. कोकणच्या सहलीवर तुझे अकरा लेख विखुरलेले आहेत. ते एकत्र करून चार दिवसांची देवगड, विजयदुर्ग, मालवण, तारकर्ली अशी आखीव सहल लिही. कुठे कधी निघायचं, भरती-ओहोटी कशी बघायची, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पावसाळ्यात बंद असते, जून-जुलैत मासेमारी बंदी असल्याने ताजी मासळी कुठली मिळते, सगळं घाल. त्याची पीडीएफ करून दीडशे-दोनशे रुपयांना यूपीआयवर विक. आंब्याची पेटी एकदाच विकता येते, ही एकदा लिहिलीस की शंभरदा विकता येईल.

आणि कामाची वेळ साध. आपण मोहरासाठी झाडाच्या बुंध्याला औषध घालतो ते पावसाळ्यात, मोहर दिसायला लागल्यावर नाही. गूगलला लेख सापडायलाही काही आठवडे लागतात म्हणतेस, मग आंब्याचे लेख या महिन्यातच दुरुस्त कर. एप्रिलमध्ये सुचलेलं पुढच्या वर्षाला.

मालवण-देवबागच्या न्याहारी निवासवाल्यांना तू मे महिन्यात जाहिरातीसाठी फोन केलास आणि कोणी धड बोललं नाही, म्हणून नाराज झालीस. अगं, मेमध्ये त्या बायकांना जेवायला उसंत नसते. ऑगस्टात जा, खोल्या रिकाम्या असतात आणि दसऱ्यानंतरचा हंगाम डोक्यात असतो. हजार वाचकांमागे इतके रुपये, असलं त्यांच्याशी बोलू नकोस, त्यांना ते कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. ऑक्टोबर ते मे अशा अख्ख्या हंगामाची एक ठरलेली रक्कम सांग आणि एका गावात दोघांपेक्षा जास्त घेणार नाही असा शब्द दे. कोणाच्या किती खोल्या तुझ्यामुळे भरल्या याची नोंद ठेव. दुसऱ्या वर्षी तीच नोंद दाखवून रक्कम वाढव.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. गेल्या हिवाळ्यात एका रिसॉर्टने तुला दोन रात्री फुकट ठेवलं आणि तू त्यावर लिहिलंस. तो लेख मला आवडला नाही. नळाला पिवळं पाणी येत होतं हे तू आईला फोनवर सांगितलंस, लेखात नाही. आणि राहणं फुकट होतं हेही लेखात नाही.

तुला साका माहीत आहे. फळ बाहेरून पिवळंधमक, वास सुंदर, देठाशी सुरकुती नाही, आणि कापलं की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. भरताना मला तो दिसत नाही, विकणाऱ्या कोणालाच दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एका बाईंनी सुरीने कापलेल्या चार आंब्यांचा फोटो पाठवला. मी त्यांना विचारलं नाही की बाकीचे कसे निघाले. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने एक डझन पाठवून दिले. त्या बाईंनी त्यानंतर त्यांच्या इमारतीतली नऊ घरं मला जोडून दिली. वाचकालाही तुझ्या लेखाच्या आतलं दिसत नाही. तो तुझ्या शब्दावर पैसे मोजून, मुलाबाळांना घेऊन तिथे उतरतो आणि नळ सोडतो. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचा नियमच आहे की पैसे किंवा फुकट सोय घेतली असेल तर तसं ठळक सांगायचं. तेव्हा लेखाच्या माथ्यावर "जाहिरात" असा शब्द लिही, दुव्याला स्पॉन्सर्डची खूण लाव, नाहीतर गूगलही रागावतं. आणि पाणी पिवळं असेल तर पिवळं लिही. ज्यांना हे चालणार नाही त्यांचे पैसे आपल्याला नकोत. त्या रिसॉर्टचा लेख दुरुस्त कर, इतकं माझं ऐक.

हिशेबाचं थोडक्यात सांगतो. ब्लॉगसाठी वेगळं बँक खातं उघड. फुकट मिळालेल्या वस्तू आणि मुक्काम यांची किंमतही लिहून ठेव, एकाच देणाऱ्याकडून वर्षात २०,००० च्या वर गेली तर देणाऱ्याला १० टक्के कर कापावा लागतो. वर्षाचा कर १०,००० च्या पुढे जाणार असेल तर आगाऊ भरावा लागतो. तालुक्याला आपले सीए आहेत, फेब्रुवारीत आलीस की एकदा त्यांच्याकडे जाऊन बसू.

आपल्या वरच्या कुणग्यातल्या कलमांना यंदा मोहर दोन टप्प्यांत आलाय. तुडतुडे आहेत, पण हाताबाहेर नाहीत. पहिला माल मार्चच्या शेवटाला निघेल. तुझ्या वाचकांसाठी त्यातल्या ५० पेट्या बाजूला ठेवतोय. दर तू आणि मी बसून ठरवू, पट्टीच्या भावाने एकही जाणार नाही. उरल्या तर मार्केट आहेच, नुकसान माझं. पैसे आगाऊ घे, पण पाठवायची तारीख नक्की देऊ नकोस, आठवडा सांग. आंबा आपल्या तारखेने तयार होत नाही.

आईने गेल्या उन्हाळ्यातल्या आगळाच्या सहा बाटल्या आणि कुळथाची पिठी उद्याच्या गाडीने धाडलीय. बाटल्या उभ्याच ठेव, दोन बुचं सैल आहेत. फोटो काढायचे असतील तर त्या दोन सोडून काढ.

आढीचा लेख दुरुस्त केलास की छापायच्या आधी मला पाठव. पेंढ्याचा थर तू बोटभर लिहिलायस, तो निदान चार बोटं तरी हवा.

तुझे
बाबा